निर्णयवृक्ष

कोकणात हापूसच्या कित्येक बागांचा सौदा फळ धरण्यापूर्वीच होतो. झाडे मोहोरली की व्यापारी बागेवरून नजर फिरवितो आणि त्या हंगामाचे फळ मक्त्याने घेतो. पुढे अवकाळी पाऊस मोहोर झाडील, तुडतुडे पडतील, की फांद्या फळांनी वाकतील, हे त्या घटकेस कोणासच ठाऊक नसते. पैसे मात्र आजच मोजावयाचे! अशा वेळी विचार कसा करावा, याची एक रीत गणितात आहे. तिचे नाव निर्णयवृक्ष.

जॉन मॅगी यांनी १९६४ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून ही रीत व्यापारी जगापुढे मांडली. हा वृक्ष कागदावर आडवा वाढतो. मूळ डावीकडे, फांद्या उजवीकडे. निवड आपल्या हाती असेल तेथे चौकोन काढावयाचा, दैवाच्या हाती असेल तेथे वर्तुळ.

उदाहरणासाठी काही आकडे कल्पू. मोहोरावर बाग ४०,००० रुपयांस मिळते. हंगाम साधला तर खर्च वजा जाता विक्रीचे ९०,००० येतील; बिघडला तर केवळ १०,०००. हंगाम साधण्याचा संभव शेकडा ६० धरू. दुसरी फांदी थांबण्याची. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्यावर हंगाम कळतो, पण तोवर चांगल्या बागेचा भाव ६५,००० होतो. हंगाम बिघडलाच तर सौदा करावयाचा नाही.

आता टोकाकडून मुळाकडे यावे. पहिल्या फांदीवर ५०,००० नफ्याचे शेकडा ६० म्हणजे ३०,०००. त्यातून ३०,००० तोट्याचे शेकडा ४०, म्हणजे १२,००० वजा केले की १८,००० उरतात. दुसरीवर २५,००० चे शेकडा ६०, म्हणजे १५,०००. अर्थात मोहोरावर घेणे बरे. परंतु संभव शेकडा ५० धरला, तर हेच आकडे १०,००० आणि १२,५०० होतात व निर्णय उलटतो! सुमारे शेकडा ५५ ही येथील सीमारेषा. म्हणून सारा भर संभवाच्या अंदाजावर आहे आणि तो अंदाज कागद देत नाही. जुन्या हंगामांच्या नोंदी ठेवणारा बागाईतदारच तो देऊ जाणे.

शिवाय १८,००० ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एका हंगामात तेवढे कधीच मिळत नाहीत. वीस बागा घेणाऱ्या पेढीस ती पुरते, मात्र त्या बागा दूरदूरच्या हव्यात. एकाच पावसात साऱ्या सापडल्या तर वीस असून एकच. ज्याचे सारे भांडवल एका बागेत आहे, त्यास ३०,००० चा तोटा म्हणजे धंद्याचाच शेवट. तेवढीच रक्कम गरिबास व श्रीमंतास सारखी नसते, हे डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच दाखवून दिले होते. असा लहान व्यापारी थांबला, तर त्यास भित्रा म्हणू नये.

वाचकांनी या वृक्षास तिसरी फांदी जोडून पाहावी : अर्धी बाग मोहोरावर, अर्धी कैऱ्या धरल्यावर. शेकडा ६० संभवास तिची सरासरी १६,५०० येते आणि वाईट हंगामातील तोटा १५,००० वर उतरतो.