पान पिवळं पडलं, म्हणजे खत कमी पडलं का?



शाळेची परसबाग असो की घरची गच्ची, जुलैत लावलेली रोपं ऑगस्टमध्ये पिवळी पडू लागली की आपण काय करतो? मूठभर युरिया टाकतो. मीही तेच केलं होतं. त्याआधी पाचवीतल्या एका मुलाला "पाणी घालत नाहीस" म्हणून रागावलोही होतो. तो बिचारा म्हणत होता, "सर, रोज घालतो." ते खरंच होतं. त्याचा गट सकाळी घालायचा, दुसरा गट मधल्या सुट्टीत, आणि वर पाऊस होताच. वाफ्यात बोट घातलं तर चिखल! मुळांना हवाच मिळत नव्हती. जमिनीत अन्न होतं, पण झाडाला ते घेता येत नव्हतं.

म्हणून पहिली तपासणी खताची नव्हे, ओलाव्याची करा. दोन इंच खोल माती उकरून मुठीत दाबा. पाणी सुटलं तर जास्त ओल आहे. गोळा झाला आणि बोटाने हलकेच दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे. मग पान उलटं करा. खाली पांढरी माशी, मावा किंवा फुलकिडे दिसले, तर दोष मातीचा नाही. मिरचीचा बोकड्या कितीही खत घातलं तरी जात नाही.

हे दोन्ही नसेल, तर मुलांना एकच प्रश्न विचारा: आधी कोणतं पान बिघडलं, खालचं की वरचं? निम्मं निदान इथेच होतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत हलू शकतात. टंचाई आली की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं. घरात अन्न कमी असलं की मोठी माणसं आधी लेकरांच्या ताटात वाढतात, तसंच. त्यामुळे यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. लोह, गंधक, कॅल्शियम, बोरॉन मात्र जिथे बसले तिथेच राहतात, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याकडे दिसते.

आता नीट बघा. खालचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं असेल तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. कडा भाजल्यासारख्या तपकिरी असतील तर पालाश. रोप खुजं, गडद आणि पानाच्या खालून जांभळट असेल तर स्फुरद. हे थंडीत जास्त दिसतं, कारण गार जमिनीतून स्फुरद नीट उचललं जात नाही. शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह.

या लोहाची गंमत मुलांना जरूर सांगा. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू 8 च्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. अशा वेळी लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, वर थोडा लिंबाचा रस, असं द्रावण गाळून संध्याकाळी पानांवर फवारावं. फवारणी मोठ्यांनीच करायची. मॅग्नेशियमसाठी लिटरला 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट चालतं.

नत्रासाठी मला चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत बरं वाटतं. "चांगलं कुजलेलं" यावर जोर आहे. लाकडाचा भुसा किंवा वाळका पाला कच्चाच मातीत गाडला, तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि रोप उपाशी राहतं. तोच पाला मातीवर आच्छादन म्हणून पसरला तर उपयोगाचा.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, तो कॅल्शियमचा. बरेच जण अंड्याची टरफलं पुरतात. टरफलं विरघळायला फार वेळ घेतात. शाळेच्या बागेत खरं कारण बहुतेक वेळा रविवार असतो! शनिवारी भरपूर पाणी, रविवारी कोरडं, सोमवारी पुन्हा पूर. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं. सुट्टीतल्या पाण्याची पाळी लावा आणि आच्छादन घाला.

उपाय एका वेळी एकच करा आणि आठ-दहा दिवस थांबा. बिघडलेलं जुनं पान बहुधा पूर्ववत होत नाही, म्हणून नवीन पानांकडे बघायचं. मुलांनी दर सोमवारी एका ठरलेल्या रोपाचं चित्र वहीत काढलं तर फरक कळतो. खत जास्त होऊन पानांची टोकं जळली असतील, तर पाण्याचा निचरा होतोय ना हे पाहून साधं पाणी भरपूर द्या.

तरीही उलगडा झाला नाही, तर माती तपासून घ्या. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामूसह 12 बाबी तपासतात. खत घालण्याआधी, पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घेऊन, त्यांच्या कडेची माती गोळा करा. ती मिसळा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. खताच्या खड्ड्याजवळची किंवा झाडाच्या सावलीतली माती घेऊ नका. चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे असतील, तर हा ढीग घेऊन बसा.

आमच्या त्या वाफ्याला आम्ही कडेने चर काढला आणि पाणी एका गटाकडे दिलं. पाणी कधी घालायचं ते आता तोच मुलगा ठरवतो, मातीत बोट घालून.