नाटकातील चिलखत : फोमवर रेझीनचा कठीण थर

शाळेच्या संमेलनात किंवा हौशी मंडळींच्या रंगमंचावर ऐतिहासिक नाटक बसू लागले की पहिली अडचण येते ती ढाल, शिरस्त्राण आणि चिलखताची. पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून वेळ निभावते, पण घामाने तो पुठ्ठा दोन प्रयोगांतच मऊ पडतो. पत्र्याचे करावे तर मुलाला ओझे होते व कडा लागण्याचे भय असते. म्हणून हल्ली फोमचे चिलखत करून त्यावर रेझीनचा, म्हणजे कृत्रिम राळेचा, कठीण थर देण्याकडे तरुणांचा ओढा आहे. कृती सोपी दिसते. परंतु तिच्यामागील शास्त्र न जाणता काम केल्यास वस्तू तर बिघडतेच, शिवाय करणाराच्या प्रकृतीसही अपाय होतो. यास्तव पालकांनी व मुलांनी मिळून हा पाठ वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम खऱ्या चिलखताकडे पाहू. इराणातून हिंदुस्थानात आलेला ‘चार आईना’ नावाचा एक प्रकार आहे. आईना म्हणजे आरसा. छाती, पाठ आणि बगलेखालच्या दोन बाजू यांवर पोलादाच्या चार पाट्या असत व त्या पट्ट्यांनी जोडून कड्यांच्या चिलखतावर घालीत. पाट्या कठीण, पण सांधे मोकळे. अंग जेथे वाकते तेथे कड्यांची लवचीक जाळी. आपल्या कामाचे सूत्रही हेच आहे. जो भाग वाकत नाही, त्यावरच रेझीन द्यावे. संपूर्ण अंगरखा रेझीनने माखला, तर पहिल्याच हालचालीला कठीण थर तडकतो. कारण खालचा फोम वाकतो आणि वरचा थर वाकत नाही.

आता फोमची निवड. पांढऱ्या दाण्यांचे थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. आणि चपलांत किंवा मुलांच्या चटयांत असतो तो ईव्हीए. बाजारात रेझीनही मुख्यतः दोन प्रकारचे मिळते, पॉलिस्टर आणि इपॉक्सी. पॉलिस्टर रेझीनमध्ये स्टायरीन नावाचा द्रव असतो, आणि थर्मोकोल हे त्याच स्टायरीनच्या साखळ्यांचे बनलेले असते. सजातीय पदार्थ सजातीयात विरघळतो. म्हणून पॉलिस्टर लागताच थर्मोकोल वितळून खड्डे पडतात. इपॉक्सीने तसे होत नाही. शिवाय पॉलिस्टरबरोबर मिळणारे कोबाल्ट व पेरॉक्साइड चुकून थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. घरच्या कामास पॉलिस्टर घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कृती अशी. पाट्या कापून, आकार देऊन, कडा गोल घासाव्यात. ईव्हीएच्या पृष्ठावर गरम हवा फिरवली की त्याची सूक्ष्म छिद्रे मिटतात. मग सुतारकामाचा पांढरा गोंद थोडे पाणी घालून दोन-तीन वेळा लावावा व प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. वाळलेल्या गोंदावर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा, म्हणजे रेझीनला पकड मिळते. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच तोलून घ्यावेत. हार्डनर जास्त घातल्याने थर लवकर कठीण होत नाही. उलट तो कायमचा चिकट किंवा ठिसूळ राहतो. मिश्रण खोल पेल्यात ठेवू नये. मिसळताना उष्णता निर्माण होते, ती खोल भांड्यात कोंडते व मिश्रणातून धूर निघू लागतो. पसरट ताटलीत थोडे थोडे मिसळून ब्रशने पातळ थर द्यावा व ओल्या थरावर जुन्या मलमलीचा तुकडा बसवावा. निव्वळ रेझीन ठिसूळ असते. कापडाचे धागे त्याला बळकटी देतात. पहिला थर किंचित चिकट असतानाच दुसरा द्यावा. तो पूर्ण वाळला असेल, तर पाण्याने पुसून, पॉलिशपेपरने घासून मगच द्यावा. पावसाळी दमट हवेत पृष्ठावर तेलकट साय येते, म्हणून कोरडे दिवस निवडावेत. पूर्ण कठीण होण्यास साधारण आठवडा लागतो. तोपर्यंत ते अंगावर घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे काम प्रौढांनीच करावे. मुलांनी कापावे, रंगवावे. इपॉक्सी कातडीस वारंवार लागल्यास त्याची कायमची ॲलर्जी जडू शकते. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि लागलेच तर थिनरने न पुसता साबण-पाण्याने धुवावे. काम स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत न करता उघड्या पडवीत करावे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. त्यास कोळशाच्या गाळणीचा मुखवटाच लागतो. घासताना पाणी लावून घासावे, म्हणजे धूळ उडून श्वासात जात नाही. फोम व रेझीन दोन्ही जळणारे आहेत. म्हणून रंगमंचावर पलित्या-समयांपासून हे चिलखत दूर ठेवावे. आणि ते केवळ शोभेचे आहे, खऱ्या वारासाठी नाही, हे लढाईच्या तालमीपूर्वी मुलांना बजावून सांगावे.

इतकी काळजी घेऊन केलेल्या चार पाट्या पुष्कळ संमेलनांस पुरतील. पट्टे तेवढे दर वर्षी नव्या मुलाच्या अंगाप्रमाणे बदलून घ्यावेत.