दोन वर्षांचा गॅप आणि वकिलीचा अर्ज

प्रश्न : बारावीला मला 78 टक्के होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दोन विषय राहिले. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमची फुलं शेतातच सुकली, त्यातच वडील अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षं कॉलेज सुटलं. 2023 ला बी.ए. झालो. शेवटच्या वर्षाला 66 टक्के, सगळं मिळून 51. तेव्हापासून खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब बघतो. आता एलएल.बी. करायचं आहे. लोक म्हणतात, गॅपवाल्याला लॉ कॉलेज घेत नाही. अर्जात हे सगळं कसं समजावून सांगू?
— एक वाचक, मुदखेड

उत्तर : लोकांचं ऐकून तुम्ही तीन वर्षं थांबलात याचंच मला वाईट वाटलं. तुमची वाट बंद नाही. आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश मिळतो तो राज्याच्या सीईटीवर. 2016 पासून ही परीक्षा आहे, मराठीतही देता येते, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि तिला मुलाखत नाही. ‘पहिल्या वर्षाला विषय का राहिले?’ असं विचारणारा रकाना त्या अर्जात तुम्हाला सापडणार नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पदवीला खुल्या वर्गासाठी 45 टक्के लागतात, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. तुमचे 51 आहेत. पुढची यादी सीईटीच्या गुणांनी लागते.

ज्यांचे 44.8 आहेत त्यांनी मात्र ‘45 धरून घेतील’ या भरवशावर राहू नये. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए असेल तर टक्क्यांचं रूपांतर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या सूत्रानेच करून घ्यावं, मोबाइलवर केलेला हिशेब चालत नाही. आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात अनेकांना उशिरा कळते : बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीवरून थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिल ती पदवी कायद्याच्या प्रवेशाला धरत नाही. तुमची बारावी झालेली आहे, तेव्हा तो प्रश्न तुमच्यापुढे येत नाही.

मग समजावून सांगायची वेळ येते कुठे? नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात म्हणा किंवा लातूरच्या दयानंदमध्ये म्हणा, यादीत नाव लागलं की कागदांची फाइल घेऊन खिडकीशी उभं राहावं लागतं. तिथे गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. तुमच्या मनात 2020 ते 2022 ही दोन वर्षं सलत आहेत. खिडकीवरचा माणूस मात्र आधी विचारील ते 2023 नंतरचं. पदवी झाल्यावर आजपर्यंत काय केलं, दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला होता का, हे त्याला हवं असतं. तुम्ही ज्याला गॅप समजतच नाही, कारण तेव्हा तुम्ही रोज सकाळी दुकान उघडत होता, तोच त्याच्या दृष्टीने गॅप.

प्रतिज्ञापत्र मुदखेडच्या तहसीलला किंवा नोटरीकडे होईल. बाहेर टेबल टाकून बसलेले लोक छापील मजकूर देतात, त्यात नुसतं ‘घरगुती अडचणींमुळे’ असतं. तो मजकूर तसाच सही करून देऊ नका. आपला सांगून लिहून घ्या. साधारण असा :

‘2020 ते 2022 या दोन शैक्षणिक वर्षांत वडिलांच्या आजारपणामुळे मी घरची फुलशेती सांभाळत होतो. 2022 मध्ये पुन्हा प्रवेश घेऊन 2023 मध्ये बी.ए. उत्तीर्ण झालो. त्यानंतर आजपर्यंत खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेबाचं काम करतो. या काळात मी अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही.’

चार वाक्यं पुरतात. वर्ष, कारण, परत कधी आलो, आता काय करतो. प्राध्यापकांबद्दलची नाराजी, पेपर अवघड होता, निकालात घोळ झाला, यातलं काही त्यात घालू नका, खरं असलं तरी. आणि दुकानाची नोकरी लपवायचा मोह टाळा. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने लॉ कॉलेजांना परिपत्रक पाठवलं. विद्यार्थी कुठे नोकरीला आहे का, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी करतो का, त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का, हे त्याने जाहीर करायचं आहे. प्रवेशानंतर नोकरी चालू ठेवणार असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवा. हजेरीचा नियम 70 टक्क्यांचा आहे. मुदखेडहून नांदेड रोज रेल्वेने करता येतं, पण दुकानाची वेळ आणि तासांची वेळ एकमेकांत कशी बसणार, हे आजच कागदावर मांडून पाहा. माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे, जुने दोन विषय नव्हेत.

गॅप सांगावा कसा, याचा धडा मला बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मिळाला. 1916 मध्ये ते लंडनला पोचले, अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची लेखी सवलत मिळवली. 1920 मध्ये, मध्यंतरी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून आणि थोडे उसने घेऊन, ते त्याच दारातून पुन्हा आत गेले आणि बॅरिस्टर झाले. खंड पडला तो त्यांनी त्याच वेळी कागदावर आणून ठेवला होता. तुम्हाला तेव्हा हे सुचलं नाही, घरात आजारी माणूस असताना कुणाला सुचतं? पण जे कागद आज मिळू शकतात ते तरी गोळा करा.

आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर 1938 आठवा. वंदे मातरम् म्हटलं म्हणून निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून काढलं. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजची मुलं त्यात पुढे होती. ‘काढून टाकलेला’ हा शेरा कपाळावर घेऊन ही मुलं कुठे जाणार होती? नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, त्यांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्याच चळवळीतले, आणि त्यांची कायद्याची पदवी नागपूरचीच. कारण स्पष्ट सांगितलं की समजून घेणारं दार कुठेतरी असतं, हे मी त्या मुलांवरून मानतो.

पुढे कधी परदेशी एलएल.एम.ला अर्ज केलात किंवा शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसलात, तर तिथे मात्र गुणपत्रिकेतल्या चढउताराबद्दल विचारतील. अमेरिकेतली लॉ स्कूल्स तर त्यासाठी वेगळी लहान पुरवणी जोडू देतात. तिथेही हीच चार वाक्यं, आणि त्यांच्या शेजारी शेवटच्या वर्षाचे 66. दोन विषय राहिलेला मुलगा घर सांभाळून परत आला आणि 66 मिळवून गेला, हे आकडेच सांगतात. त्यावर विशेषणं चढवू नका.

तुम्ही पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात विचारलंय, वडिलांचं आजारपण लिहिलं तर सहानुभूती मागितल्यासारखं होईल का? नाही होणार. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, तो त्यांचा खासगी मामला आहे. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स फाइलमध्ये मागे ठेवा. कुणी मागितली तर दाखवा. आणि सही करण्याआधी तो मजकूर वडिलांना वाचून दाखवा.