आठवड्याला चारशे ग्रॅमसुद्धा नाही

विल्यम बँटिंग म्हणजे लंडनमधलं बडं प्रस्थ. अंत्यविधीची व्यवस्था करणारी त्यांच्या घराण्याची पेढी थेट राजघराण्याचं काम बघायची. 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची अवाढव्य अंत्ययात्रा निघाली, तीही याच पेढीच्या देखरेखीखाली. पैसा होता, मान होता, आणि वयाच्या पासष्टीत स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड, म्हणजे साडेएक्याण्णव किलोच्या वर. घोट्यांना आणि गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून ते जिना पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरायचे. सार्वजनिक गाडीत आणि रस्त्यावर लोक टोमणे मारायचे. त्या धास्तीने जाड माणूस चारचौघांत जाणंच टाळतो, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं.

हे सगळं आज कळतं ते 1863 मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका लहानशा पुस्तिकेमुळे. लठ्ठपणाविषयी जनतेला लिहिलेलं पत्र, असं तिचं स्वरूप. पहिल्या आवृत्त्या त्यांनी स्वखर्चाने छापून फुकट वाटल्या. आपण जे भोगलं ते दुसऱ्याला भोगायला लागू नये, एवढाच हेतू.

पुस्तिकेत यशाच्या आधी फजितीची यादी येते, आणि ती वाचताना दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस अगदी शेजारच्या बिऱ्हाडातला वाटू लागतो. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून बँटिंग पहाटे उठून जड होडी वल्हवू लागले. अंगात ताकद आली, पण भूक अशी खवळली की वजन उतरायच्या ऐवजी चढलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम बंद करा. मग घोड्यावरची रपेट, तुर्की स्नानं, नामांकित झऱ्यांचं पाणी, औषधांच्या बाटल्या. एकदा पोट मारून राहिले, तर अंगावर गळवं उठली. एका मोठ्या वैद्यांनी तर सांगून टाकलं की वयाबरोबर माणूस जाड व्हायचाच; माझंही वजन दरवर्षी एक पौंड वाढतंय! यावर रुग्णाने काय करायचं?

1862 च्या ऑगस्टमध्ये ते गेले ते खरं तर कानाच्या तक्रारीसाठी. विल्यम हार्वी नावाच्या शल्यविशारदाने कान तपासले, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बियर, बटाटे बंद करायला सांगितलं. त्याबदल्यात जे मांडून दिलं ते आपल्या उपयोगाचं नाही. दिवसातून तीन-चारदा मांस-मासे आणि वर द्राक्षाची दारू! आजचा कुठलाही आहारतज्ज्ञ तो कागद बाजूला सारेल. घेण्यासारखं काही असेल तर ते पुस्तिकेतलं वजनाचं कोष्टक.

26 ऑगस्ट 1862 ला 202 पौंड. पुढच्या नोंदी साधारण तीन-तीन आठवड्यांनी केलेल्या. कधी तीन पौंड कमी, एकदा चार. हिवाळ्यात तर सलग काही नोंदी दोन-दोन पौंडांच्या, म्हणजे तीन आठवड्यांत एक किलोसुद्धा नाही. पुढे उन्हाळ्याकडे पुन्हा तीन. 12 सप्टेंबर 1863 ला 156 पौंड, एकूण 46 पौंडांची, म्हणजे जवळजवळ 21 किलोंची घट. सरासरी काढली तर आठवड्याला चारशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. सगळ्या जगात गाजलेल्या या पहिल्या 'वजन कमी केलं' कथेचा वेग हा असा आहे. आज एखाद्या व्यायामशाळेच्या फलकावर 'आठवड्याला 380 ग्रॅम' लिहिलं, तर आत पाऊल कोण टाकेल?

आता प्रश्न असा, की त्या थंडीच्या महिन्यांत बँटिंग कंटाळले कसे नाहीत? उत्तर कोष्टकाच्या आसपासच्या मजकुरात सापडतं. जिना सरळ तोंडाने उतरता येऊ लागला. वाकून नाडी बांधता आली. धाप थांबली. कान सुधारले, म्हणजे ज्या कामासाठी गेले होते तेही झालं. कंबरेचा घेर बारा इंचांहून अधिक उतरला. काटा दोन पौंडांवर रेंगाळत असला तरी रोजच्या जगण्यातून पावती मिळत होती, आणि माणसाचा उत्साह टिकतो तो अशा पावत्यांवर.

याच्या उलट चित्र 1988 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिलं. सुप्रसिद्ध सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी चार महिने नुसत्या द्रव आहारावर राहून 67 पौंड घटवले होते. बारीक मापाची जीन्स घालून त्या मंचावर आल्या, ते तेवढ्याच वजनाची चरबी भरलेली लाल हातगाडी ओढत. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण चमचा-वाटीतलं जेवण पुन्हा सुरू झालं, आणि येरे माझ्या मागल्या. वजन कसं परत चढलं, त्या हातगाडीचा आपल्याला किती पश्चात्ताप झाला, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. जगातला सर्वोत्तम आचारी आणि प्रशिक्षक परवडणाऱ्या बाईची ही कथा. तेव्हा 'माझीच इच्छाशक्ती दुबळी' म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्यांनी ती जरूर आठवावी.

शरीर उपासमारीला काय उत्तर देतं, हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. पण चिडचिड, उदासी, कशातच मन न लागणं वाढलं. ही तरणीताठी मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. म्हणजे क्रॅश डाएटवर मन खट्टू होतं, त्यात स्वभावाचा दोष शोधू नये; उपाशी मेंदू तसाच वागतो. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं, त्याचा अहवाल 2016 मध्ये आला. स्पर्धेत त्यांनी सरासरी 58 किलो घटवले होते. त्यातले 41 परत आले होते. शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होती.

पण हळूहळू उतरवलेलं वजन परत येतच नाही, असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. मेलबर्नमध्ये दोनशे जणांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने 12 आठवड्यांत, तर दुसऱ्याने 36 आठवड्यांत वजन घटवलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत घटलेल्या वजनातलं सुमारे 70 टक्के परत आलेलं. संथपणात जादू नाही. त्याचा फायदा एवढाच, की जे पुढे आयुष्यभर करायचं आहे त्याचा सराव करायला वेळ मिळतो. अमेरिकेत 1994 पासून चालणाऱ्या एका नोंदवहीत, किमान 30 पौंड घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो लोकांची माहिती आहे. त्यांच्यातले बहुतेक रोज तासभर चालतात किंवा तत्सम व्यायाम करतात, आणि तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. वजन उतरल्यावरही.

निराशेचं एक मोठं कारण चुकीच्या गणितात आहे. समजा, एका घरातल्या गृहस्थांचा दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. सहा चमचे म्हणजे 30 ग्रॅम, 120 कॅलरी. त्यांनी साखर बंद केली. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, या प्रचलित हिशेबाने वर्षात साडेपाच किलोच्या वर वजन उतरायला हवं, आणि पुढच्या वर्षी तेवढंच आणखी. हा हिशेब खरा असता तर नुसती चहातली साखर सोडून माणूस काही वर्षांत हवेत उडाला असता. प्रत्यक्षात हलकं झालेलं शरीर खर्चही कमी करतं. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांनी 2011 मध्ये मांडलेला आडाखा असा: रोजच्या आहारातून कायमच्या 24 कॅलरी कमी केल्या, तर शेवटी वजन साधारण एक किलोने उतरतं, त्यातला अर्धा पल्ला गाठायला वर्ष लागतं, उरलेल्याला आणखी दोनेक वर्षं. म्हणजे आपल्या गृहस्थांचं पहिल्या वर्षी अडीच किलो, आणि तीन वर्षांत पाचच्या आसपास. साडेपाचाची आस लावून बसलेला माणूस अडीचवर 'काही उपयोग नाही' म्हणत साखरेच्या डब्याला हात घालतो. अडीचची अपेक्षा असती तर त्याने पेढे वाटले असते. (कमी गोड.)

सुरुवातीचा आठवडा तर हमखास फसवतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा आणि पाणी आधी जातं. काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस हरखतो. मग खरी चरबी उतरायला लागते तेव्हा तोच काटा हलत नाही. लग्नातलं खारट जेवण, बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीचे दिवस, यांनी एका रात्रीत किलो-दीड किलोचा फरक पडतो, आणि त्यात चरबीचा संबंध नसतो. म्हणून वजन करायचं तर ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आणि तुलना कालच्या आकड्याशी करू नये, महिन्यापूर्वीच्या आकड्याशी करावी. बँटिंग तीन आठवड्यांनी नोंद करायचे, त्यातलं शहाणपण हेच.

भारतीयांनी तर नुसत्या काट्यावर विसंबूच नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बारीक दिसूनही आतून चरबीदार असण्याची ही आपली ठेवण. म्हणून शिंप्याची टेप काढून कंबर मोजावी: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत. वजन अडलेलं असताना टेप सैल होत असेल, तर काम चालू आहे.

आणि दोन्ही अडले तरी? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 28.5 टक्क्यांनी कमी भरलं. गंमत म्हणजे त्यांचं वजन जवळपास जिथल्या तिथेच होतं! ज्यांनी काट्याकडे पाहून चालणं सोडलं असतं, त्यांनी काय गमावलं असतं ते यावरून दिसतं.

सध्या चर्चा असलेल्या इंजेक्शनांनी घाई करणाऱ्यांना नवी आशा लावली आहे. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मुख्य चाचणीत लोकांचं वजन सरासरी 15.3 किलोंनी घटलं, 68 आठवड्यांत. भागाकार करून पाहा: आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅम, बँटिंगसाहेबांहूनही सावकाश. औषध थांबवल्यावर वर्षभरात दोन-तृतीयांश वजन परत आल्याचंही नोंदलेलं आहे. ज्यांना डॉक्टरांनी दिलं आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, पण सवयींचं काम त्यांनाही चुकत नाही.

मग करायचं काय? आहार दीक्षितांचा की दिवेकरांचा, हा वाद घरोघरी रंगून झाला आहे. पाच वर्षं जमेल ती पद्धत आपली, बाकीच्या दुसऱ्यांच्या. घटीचं लक्ष्य लहान ठेवावं. मधुमेह टाळण्यासाठी झालेल्या अमेरिकेतल्या गाजलेल्या प्रयोगात वजनाच्या फक्त 7 टक्के घट मागितली होती, म्हणजे 80 किलोंच्या माणसाला साडेपाच किलो. वजनाच्या वहीत दुसरा एक रकाना आखावा आणि त्यात किलो सोडून सगळं लिहावं: रेल्वेचा पूल न थांबता चढलो, ब्लाउजची शिवण आत घ्यावी लागली, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. (गोळी आपल्या मनाने अर्धी करू नये.) गणपतीत मोदक खाल्ले तर वहीत लिहून टाकावेत आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चालायला जावं. मोदकांनी कुणाचं नुकसान होत नाही. 'आता मोडलंच आहे तर दिवाळीनंतर बघू' या दोन महिन्यांनी होतं.

महिनोन्‌महिने नेटाने करूनही काहीच हलत नसेल तर थायरॉइड, पीसीओएस, चालू असलेली औषधं यांबाबत डॉक्टरांना विचारावं. काही न करता वजन उतरू लागलं तर आनंद न मानता लगेच तपासून घ्यावं. क्षय आणि मधुमेह असेच येतात.

घरच्यांनाही एक विनंती. कुणी हे हाती घेतलं असेल तर 'किती उतरलं?' हा प्रश्न महिन्यातून एकदाच विचारा. 'आजारी होतीस का गं?' हे तर विचारूच नका. आणि दुसरी पोळी एकदा नको म्हटल्यावर डबा झाकून ठेवा.