गुरुवारी उरकलेली कामे, शनिवारी धरलेले अंथरूण

दीर्घकालीन थकव्याच्या आजारात, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, श्रमाचा त्रास बहुधा श्रम करताना जाणवत नाही. तो १२ ते ४८ तासांनी उमटतो, कधी त्याहूनही उशिरा. आजाराची ही मुख्य खूण रुग्णांच्या ध्यानात येत नाही, म्हणूनच एक हट्टी समज टिकून राहतो: बरे वाटेल त्या दिवशी तुंबलेली कामे उरकून घ्यावीत. पिंपरी, भोसरी आणि आसपासच्या पट्ट्यात हा दिवस बहुधा गुरुवार असतो, कारण इथल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. आठवडाभर कसाबसा रेटलेला माणूस त्या दिवशी गाडी धुतो, दळण आणतो, मुलांना आळंदीला नेऊन आणतो. शुक्रवार बरा जातो आणि शनिवारी अंग गळते. दोष मात्र शिफ्टला, कॅन्टीनच्या जेवणाला नाहीतर हवेला दिला जातो.

नाइट शिफ्टचा थकवा वेगळा. दोन-तीन रात्री सलग झोप मिळाली की तो ओसरतो. या आजारातला थकवा सहा महिन्यांहून अधिक टिकतो, पूर्वी सहज होणारी कामे होईनाशी होतात, आठ तास झोपूनही उठताना ताजेपणा नसतो, थोड्याशा श्रमानंतर सगळी लक्षणे बळावतात. त्याच्या जोडीला डोके चालेनासे होते किंवा उभे राहिले की गरगरते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानासाठी हीच लक्षणे धरली. पुष्कळांमध्ये सुरुवात एखाद्या संसर्गानंतर होते. कोविडनंतर असे रुग्ण जगभर वाढले. हा आजार मनाचा खेळ नाही आणि आळसही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत ठेवली आहे.

तरीही प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर, ब-१२, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे, तेव्हा घर आणि कंपनी दोन्ही सांभाळणाऱ्या बाईचा थकवा ‘कामामुळेच’ म्हणून सोडून देणे चूक आहे. घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाची झोपेची तपासणी करावी. बॅटरीच्या कामात शिशाशी संबंध येणाऱ्याने ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावे.

चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर उभ्याने काम करणाऱ्या तिशीतल्या एका कामगाराचे उदाहरण बोलके आहे. डेंगीचा ताप उतरला, पण थकवा राहिला. तपासण्यांत काही निघाले नाही. महिन्यातून दोन-तीन खाडे ठरलेले, आणि प्रत्येक खाड्याला नाक्यावरच्या दवाखान्यात ‘ताकदीची’ सलाईन. शेवटी बायकोने मुलाच्या जुन्या वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. गुरुवार: गाडी धुतली, गहू निवडले, सासुरवाडीला गेलो, ताकद ७. शुक्रवार: सकाळी ६, रात्री ४. शनिवार: २, उठवलं नाही, खाडा. पुढच्या आठवड्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. औषधाने जे कळले नाही ते वहीच्या तीन पानांवर दिसले.

त्या सलाईनबद्दल स्पष्ट सांगायला हवे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीलीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरहूनही कमी कॅलरी. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. यात ताकद कुठेच नाही. बरे वाटते ते बहुधा तास-दोन तास आडवे पडल्यामुळे. त्याहून घातक म्हणजे नाव नसलेल्या पुड्या आणि इंजेक्शने. त्यांत स्टेरॉइड असले तर दोन दिवस माणूस पळतो, मग चेहरा सुजतो, साखर चढते, आणि औषध एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. एनर्जी ड्रिंक पिऊन नाइट काढणे, रोज वेदनाशामक गोळी घेणे, मोबाइलवर पाहून अश्वगंधा किंवा डिटॉक्सचे काढे सुरू करणे हेही थांबवावे. मूत्रपिंड आणि यकृत यांची किंमत त्यात मोजावी लागते.

उपयोगाची आहे ती वही. निदान दोन आठवडे रोज तीन नोंदी कराव्यात: उठल्यावर, दुपारी आणि झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी ताकदीला ० ते १० मधला आकडा द्यावा, सोबत शिफ्ट, झोपेचे तास आणि दिवसात काय केले ते लिहावे. चालणे-उचलणे लिहितात, बाकीचे राहून जाते. उभ्याने बसचा प्रवास, सुपरवायझरशी वाद, तासभर मोबाइल, पाहुण्यांशी बोलणे यांतही ताकद जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये नळाला दिवसाआड पाणी येते. बादल्या भरण्याचा आणि कपडे धुण्याचा दिवस वेगळा नोंदवावा. वही वाचताना वाईट दिवसावर बोट ठेवून त्याच्या आधीचे दोन दिवस पाहावेत. मनगटावरचे घड्याळ दाखवते ती ‘बॉडी बॅटरी’ या आजारासाठी बनवलेली नाही. तिच्यावर विसंबू नये.

मर्यादा ठरवताना चांगला दिवस प्रमाण धरू नये. वाईट दिवशीही झेपेल एवढेच काम रोजचे समजावे. कामाचे तुकडे करावेत: आज गाडी, परवा दळण. भाजी बसून चिरावी, अंघोळ स्टुलावर बसून करावी. विश्रांती थकण्याआधी घ्यावी, दहा-पंधरा मिनिटे, डोळे मिटून, मोबाइल बाजूला ठेवून. चांगल्या दिवशी हात आखडता घेणे सर्वांत अवघड जाते, घरच्यांनाही ते पटत नाही. पण आजार आटोक्यात राहतो तो इथेच.

‘जिम लावा, रोज थोडे वाढवत न्या’ हा सल्ला इतर काही थकव्यांना लागू पडतो, याला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक वेगाने वाढवत नेण्याचा व्यायाम या आजाराच्या उपचारांतून वगळला. हालचाल वाढवायचीच तर वहीतले आकडे काही आठवडे स्थिर राहिल्यावर, एका वेळी एकच गोष्ट, आणि घसरण दिसली की मागे.

काही लक्षणे दिसली तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा: छातीत दाब, बसल्या जागी धाप, काळे शौच, शरीराची एक बाजू लुळी पडणे. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कारण नसताना घटणारे वजन असेल तर क्षयाची तपासणी लगेच करावी. जगणे नकोसे वाटू लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही बोलता येते. प्रेसवर किंवा दुचाकीवर डोळा लागणाऱ्याने ते लपवू नये. त्यात बोटे जातात, जीवही जातो.

ओव्हरटाइमला दुप्पट पैसे मिळतात, आणि कंत्राटी कामगाराला खाडा परवडत नाही, हे खरे आहे. तरी आजार लपवून शिफ्ट ओढणे शेवटी महाग पडते. निदानाचा कागद आणि वहीची पाने घेऊन कंपनीच्या डॉक्टरांना भेटावे. जनरल शिफ्ट किंवा तपासणी विभागातले बसून करायचे काम मागता येते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतात. वर्गणीच्या अटी पूर्ण असल्या तर प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते. या योजनेचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे. योजनेत नसलेल्यांना पिंपरीच्या संत तुकारामनगरमधील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात सुरुवातीच्या तपासण्या करून घेता येतात.