भांड्यात नेमकं काय आहे?

चि. मुक्ता,


प्रबंधासाठी फ्लोरिनची संयुगं घेतलीस हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. ‘रसायनं शुद्ध असली की प्रयोग बिघडेलच कसा?’ हे तुझं वाक्य मात्र मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लोरिन मोकळा करता करता एकोणिसावं शतक सरत आलं होतं. पाण्याशी गाठ पडली की तो त्यातला ऑक्सिजन सोडवतो आणि स्वतः हाती लागत नाही. त्याच्या मागे लागलेले रसायनज्ञ लुये आणि निक्लेस हायड्रोजन फ्लोराइडच्या विषबाधेनं गेले. फ्रेंच रसायनज्ञ आंरी म्वासाँ यांनी प्लॅटिनमची यू-नळी घेतली, तिला फ्लोरस्पारची बुचं बसवली आणि थंड केलेल्या निर्जल हायड्रोफ्लोरिक आम्लातून वीज सोडली. २६ जून १८८६ ला धनाग्रापाशी वायू निघाला. त्यात धरलेला सिलिकॉनचा स्फटिक तत्क्षणी पेटला.

मग फ्रेंच विज्ञान अकादमीची समिती खातरजमा करायला आली. तीत त्यांचे गुरू फ्रेमीही होते. या मंडळींसाठी म्हणून म्वासाँनी आम्ल अधिकच निगुतीनं शुद्ध केलं, आणि वीजच वाहेना! समिती तशीच परत गेली. निखळ हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. आधीच्या आम्लात पोटॅशियम फ्लोराइडचा अंश नकळत आला होता, त्याच्या आयनांवर सगळं चाललं होतं. हे उमगताच त्यांनी पोटॅशियमचं आम्ल-फ्लोराइड मुद्दाम विरघळवलं आणि फ्लोरिन पुन्हा निघाला. १९०६ च्या नोबेलपेक्षा मला त्यांच्या या शोधाशोधीचं मोल जास्त वाटतं. उपकरणावर खापर न फोडता त्यांनी भांड्यातून काय निघून गेलं ते शोधलं.

याचा अर्थ शुद्धीकरणात हयगय कर असा नाही. १९२५ मध्ये व्हान आर्केल आणि द बूर यांनी अशुद्ध टायटॅनियम आयोडिनबरोबर तापवलं. आयोडाइडची वाफ होऊन ती तापलेल्या तारेवर विघटित झाली, तारेवर शुद्ध धातू साचला आणि आयोडिन पुढच्या फेरीला मोकळा झाला. ऑक्सिजन-नायट्रोजनची घाण मागेच राहिली. शुद्ध करायचं ते असं, काय काढतोय आणि का, हे ठाऊक असताना.

तेव्हा बाटलीवरच्या ‘९९.९’ वर विसंबू नकोस. उरलेला ०.१ कशाचा, ते विश्लेषणपत्रात बघ. विद्रावकातलं पाणी कार्ल फिशर पद्धतीनं स्वतः मोज, तिथंही पाण्याचा हिशेब आयोडिनच देतो. आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय हायड्रोफ्लोरिक आम्लाची बाटली उघडायची नाही. सौम्य आम्ल अंगावर पडलं तर दुखणं तासांनी सुरू होतं, तोवर फ्लोराइड आत शिरून कॅल्शियम बांधत सुटतं. एकटीनं तर मुळीच काम करू नकोस. जेल कुठल्या कपाटात आहे, ते उद्याच बघून मला कळव.

तुझी,
आत्या