पचनविकार, दुर्बीण आणि संगणक

वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाचे तक्ते, रुग्णसंख्या आणि आभार हे ओघाने येतेच. परंतु देणगीच्या पैशातून आलेली यंत्रे नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे सांगणे हाही हिशेबाचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. आम्ही वैद्यकीय क्षेत्रातील नव्हे, तर वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते साध्या शब्दांत येथे मांडीत आहोत.

एका डोळ्यापासून पडद्यापर्यंत

जठराच्या आत डोकावण्याची धडपड जुनी आहे. १८६८ मध्ये जर्मनीतील डॉ. अडोल्फ कुस्माउल यांनी ताठ नळीतून जठर पाहण्याचा प्रयोग केला, तो तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसावर. सामान्य रुग्णास ती नळी सोसणे कठीणच होते. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखविले. त्याच तत्त्वावर १९५७ मध्ये अमेरिकेत डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण सिद्ध केली.

तरीही एक उणीव उरलीच. दुर्बिणीला डोळा लावलेल्या डॉक्टरांनाच आतले दृश्य दिसे. मागे उरे ते बहुधा त्यांनी कागदावर लिहिलेले वर्णन. १९८३ च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकाशी इलेक्ट्रॉनिक चिप बसविली गेली आणि दृश्य पडद्यावर आले. आता ते चार जणांना एकत्र पाहता येते, साठविता येते, दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते आणि मागील तपासणीशी ताडून पाहता येते. आमच्या मते डिजिटल तंत्रज्ञानाचे खरे देणे हेच होय.

एक चूक आणि एक धडा

हे देणे आपोआप पदरात पडत नाही, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. जठरातील व्रणाचा एक शेतमजूर रुग्ण काही महिन्यांच्या अंतराने दोनदा आमच्याकडे आला. पहिल्या वेळी नोंदणीच्या खिडकीवर आडनाव आधी लिहिले गेले, दुसऱ्या वेळी नाव आधी, तेही वेगळ्या स्पेलिंगने. संगणकाने एका माणसाचे दोन रुग्ण केले. व्रण भरला की नाही हे पाहण्यासाठी दुसरी तपासणी आवश्यकच होती. पण तुलनेसाठी जुनी चित्रे व बायॉप्सीचा अहवाल समोर नव्हता. नव्याने तुकडा काढावा लागला आणि निदानासाठी आणखी काही दिवस गेले. जुना अहवाल त्याच संगणकात होता. व्रण साधा निघाला आणि औषधांनी बरा झाला, हे आमचे सुदैव. तो कर्करोगाचा असता, तर गेलेल्या दिवसांचा हिशेब आम्ही कोणत्या खात्यात मांडला असता?

त्यानंतर नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय नवा केसपेपर काढावयाचा नाही, असा नियम आम्ही केला. पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारीशेजारी ठेवून दाखविली. आपला व्रण भरून आल्याचे त्या रुग्णाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

नवी साधने, जुन्या मर्यादा

लहान आतडे प्रौढ माणसात सुमारे सहा मीटर लांब असते. नेहमीच्या दुर्बिणीस त्याचा बराचसा भाग अगम्य राहतो. गिळावयाच्या कॅप्सूल-कॅमेऱ्यास २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सेकंदाला दोन छायाचित्रे या गतीने आठ तासांत पन्नास हजारांहून अधिक चित्रे तो टिपू शकतो. मात्र त्यास तुकडा काढता येत नाही. शिवाय आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आढळतो. त्याने आतडे आकसलेले असल्यास कॅप्सूल तेथेच अडकण्याचा धोका असतो. म्हणून आधी विचारपूस आणि आवश्यक त्या तपासण्या करूनच ती द्यावी लागते.

दुसरे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेचे. मोठ्या आतड्याच्या तपासणीत पडद्यावर संशयित गाठीभोवती चौकट दाखविणाऱ्या प्रणालीस २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अशा काही गाठींचे अनेक वर्षांनी कर्करोगात रूपांतर होऊ शकते. त्या वेळीच काढल्या तर तो टळू शकतो. परंतु आतडे स्वच्छ नसेल तर मळाखाली दडलेली गाठ डॉक्टरांनाही दिसत नाही आणि यंत्रालाही नाही. म्हणून आदल्या दिवशीचे पथ्य आणि जुलाबाचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घेतले जाईल, हे पाहणाऱ्या घरच्या माणसाचा या तपासणीत मोठा वाटा असतो. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना आधीच सांगावीत.

दूरध्वनीवर काय सोपवावे?

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीद्वारे घरबसल्या सल्ला मिळू लागला. पथ्य, औषधांतील बदल, अहवाल दाखविणे यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज वाचतो. परंतु रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगून न थांबणारी वेदना, काविळीसह ताप यांपैकी काहीही झाल्यास दूरध्वनीवर न विसंबता रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते ठरविणे डॉक्टरांवर सोपवावे. घास गिळताना अडकणे किंवा कारणाविना वजन घटणे हेही अंगावर काढू नये.

हिशेबाची शेवटची ओळ

सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, तसेच बिलांच्या रकमेपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. नवे यंत्र या खाटांवरील रुग्णापर्यंत पोहोचते की नाही, हीच त्याच्या खरेदीची खरी कसोटी होय.

लेखापालाच्या भाषेत सांगावयाचे तर यंत्रावर दरवर्षी घसारा धरावा लागतो. नीट ठेवलेल्या नोंदीचे मूल्य मात्र वर्षागणिक वाढते. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, यंत्राच्या खरेदीबरोबर त्याची देखभाल, नोंदणी विभागाचे प्रशिक्षण आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता यांसाठीही तरतूद असावी. देणगीदारांस विनंती ही की, ज्यावर नावाची पाटी लावता येत नाही अशा या खर्चासही त्यांनी उदार हात द्यावा. आणि रुग्णांच्या आप्तांस एवढेच सांगणे, की येताना जुने कागद आवर्जून आणावेत आणि खिडकीवर नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने सांगावे. आपल्या माणसाच्या उपचारात तेही साहाय्यच आहे.